बिंदुनामावली : प्रतिनिधित्वाच्या हक्काची नोंदवही

लोकशाहीत राज्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर निवडणुकीच्या निकालात मिळते, अशी आपली समजूत असते. परंतु सामान्य माणसाची राज्याशी गाठ पडते ती तलाठ्याच्या सज्जात, पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, सरकारी दवाखान्यात आणि शाळेत. टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे आणि अलीकडे उभ्या असलेल्या माणसाची दुःखे त्याला कितपत ठाऊक आहेत, यावर कायद्याचा अर्थ ठरतो. म्हणूनच लोकसेवेत समाजातील सर्व घटकांचा सहभाग असणे ही कोणाला चार नोकऱ्या मिळवून देण्याची गोष्ट नसून राज्यकारभार खऱ्या अर्थाने लोकांचा होण्याची अट आहे.

या सहभागासाठी आपल्याकडे आरक्षणाची व्यवस्था आहे. तिच्यावर वाद भरपूर होतात, भाषणेही होतात. मात्र ती प्रत्यक्ष चालते कशी, हे फार थोड्यांना माहीत असते. आरक्षणाचा हक्क संविधानात लिहिलेला आहे; पण तो उमेदवारापर्यंत पोहोचतो कार्यालयाच्या कपाटातील एका नोंदवहीतून. त्या नोंदवहीचे नाव बिंदुनामावली. हक्क घोषित करणे आणि हक्काची मोजणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोषणा झाली आणि मोजणी झाली नाही, तर हक्क कागदावरच राहतो, हे गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाने वारंवार दाखवून दिले आहे.

आज्ञा आणि तिमाही तक्ता

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये करवीर संस्थानाचा कारभार हाती घेतला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. संस्थानातील बहुसंख्य रयतेला कारभारात जवळजवळ स्थान नव्हते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी आज्ञा काढली : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात.

या आज्ञेचा उल्लेख दरवर्षी आपण आदराने करतो. पण तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. ज्या खात्यात मागासलेल्या वर्गांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे, तेथे पुढील नेमणूक त्या वर्गांतूनच व्हावी आणि या आज्ञेनंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तिमाही तक्ता खातेप्रमुखांनी सादर करावा, असेही तीत बजावले होते. नुसत्या आज्ञेने कचेरी हलत नाही, हे महाराज जाणून होते. दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागेल, ही जाणीव खातेप्रमुखाला असली म्हणजेच आज्ञेचे पालन होते. आजच्या बिंदुनामावलीचे बीज या तिमाही तक्त्यात आहे.

याच काळात ब्रिटिश मुलखात उलट घडत होते. महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या सैन्यात नोकरी केली होती. सैन्यामुळे त्यांच्या मुलांना शाळेचे दार उघडले होते. सुभेदार रामजी आंबेडकर यांचे घर हे त्याचे ठळक उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने ही भरती थांबवली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा कुठे हा दरवाजा कायमचा उघडला. सरकारच्या गरजेनुसार मिळणारी नोकरी गरज संपताच जाते. हक्क म्हणून मिळालेली नोकरीच टिकते, हा या अनुभवाचा धडा होता.

‘प्रयत्न’ या शब्दापासून टक्केवारीपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धडा आपल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी ठेवला. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन ठेवले, त्यात सरकारी नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व ही स्वतंत्र मागणी होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराकडे आपण प्रामुख्याने राखीव मतदारसंघांचा करार म्हणून पाहतो. परंतु त्याच्या आठव्या कलमात लोकसेवेतील नेमणुकांचाही विषय आहे. शैक्षणिक पात्रतेच्या अधीन राहून अस्पृश्य वर्गांना न्याय्य प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सर्व प्रयत्न केले जातील, असे त्यात म्हटले होते.

‘प्रयत्न’ हा शब्द ऐकायला चांगला वाटतो. पण तो मोजता येत नाही. जुलै १९३४ मध्ये भारत सरकारने नोकऱ्यांतील जातीय प्रमाणाविषयी ठराव केला. त्यात मुस्लिमांसाठी २५ टक्के आणि इतर अल्पसंख्याकांसाठी ८.३३ टक्के असे निश्चित प्रमाण ठरवले गेले. अस्पृश्य वर्गांसाठी मात्र, पुरेसे पात्र उमेदवार नाहीत या कारणाने, कोणताही आकडा ठरवण्यात आला नाही. ज्यांच्यासाठी आकडा होता, त्यांना तो दाखवून जागा मागता येत होती. ज्यांच्यासाठी केवळ सदिच्छा होती, त्यांना कशाच्या आधारे मागायचे, हेच कळत नव्हते.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. त्यानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के, म्हणजे बारा जागांत एक जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. वयोमर्यादेत आणि परीक्षा शुल्कातही सवलत मिळाली. जून १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. पुढे १९७० मध्ये अनुसूचित जातींसाठी १५ आणि अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के हे प्रमाण ठरले. ‘प्रयत्न करू’ पासून ‘बारात एक’ पर्यंतचे अंतर कापायला अकरा वर्षे लागली.

संविधानाचा आधार

संविधानाचे अनुच्छेद १६ लोकसेवेत संधीची समानता देते आणि त्याच अनुच्छेदाचा चौथा खंड ज्या मागासवर्गांना सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्यांच्यासाठी आरक्षणाची मुभा देतो. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तिच्यामागील तर्क उलगडून दाखवला. सर्वांना समान संधी हे तत्त्व आणि आजवर कारभाराबाहेर ठेवलेल्या समाजांचा प्रवेश, या दोहोंचा मेळ घालणे हे त्या कलमाचे काम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘पुरेसे प्रतिनिधित्व’ हे दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. गरिबी दूर करणे हा या कलमाचा हेतू नाही. सत्तेतील वाटा हा आहे.

बौद्ध समाजाला या आधाराचा लाभ घेण्यासाठी वेगळा संघर्ष करावा लागला, हे नव्या पिढीने विसरू नये. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार हिंदू धर्म सोडलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नसे; शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला. त्याच वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेले लाखो लोक एका रात्रीत केंद्रीय आरक्षणाबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवदीक्षित बौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, तरी केंद्रीय सेवा, रेल्वे, बँका व सार्वजनिक उपक्रम यांची दारे त्यांना या मार्गाने बंद होती. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मधल्या चौतीस वर्षांत अनेकांपुढे कागदोपत्री जुना धर्म लिहिणे किंवा केंद्रीय नोकरीचा हक्क सोडणे, असे दोनच पर्याय होते.

नोंदवही कशी चालते?

आता मूळ विषयाकडे वळू. महाराष्ट्रात लोकसेवेतील आरक्षणासाठी २००१ चा अधिनियम आहे. तो २९ जानेवारी २००४ पासून अंमलात आला. त्यानुसार सरळसेवा भरतीत अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती (अ) ३, भटक्या जमाती (ब) २.५, भटक्या जमाती (क) ३.५, भटक्या जमाती (ड) २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे एकूण ५२ टक्के आरक्षण ठरले.

ही टक्केवारी प्रत्यक्ष पदांत उतरवण्यासाठी प्रत्येक संवर्गातील पदांना क्रमांक दिले जातात. हा क्रमांक म्हणजे बिंदू. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, हे आधीच ठरलेले असते. त्या बिंदूवर कोण, कधी रुजू झाला, केव्हा निवृत्त झाला, याची नोंद त्यापुढे होते. ही नोंदवही विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. अनुदानित शाळांनाही ती ठेवावी लागते. त्यामुळे शिक्षकांना ती अपरिचित नाही.

येथे १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आर. के. सभरवाल खटल्यातील निर्णय समजून घेतला पाहिजे. त्यातून दोन नियम निघाले. पहिला, आरक्षण रिक्त जागांवर नसून पदांवर मोजायचे. सर्व बिंदू एकदा भरले की ज्या बिंदूवरील कर्मचारी निवृत्त होईल, त्याच प्रवर्गातून ती जागा भरायची. दुसरा, मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणवत्तेवर खुल्या जागेवर निवडला गेला, तर त्याची गणना राखीव जागेत करायची नाही. खुला प्रवर्ग हा कोणत्याही जातीचा राखीव कोटा नाही; तो सर्वांसाठी खुला आहे. आपल्यातील अनेक पालकांना हा नियम माहीत नसतो आणि अनेक कार्यालये तो सोयीने विसरतात.

महिला, दिव्यांग, माजी सैनिक यांचे आरक्षण समांतर असते. ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून आडवे जाते. महाराष्ट्रात महिलांसाठी ३० टक्के आणि २०१६ च्या केंद्रीय कायद्यानुसार दिव्यांगांसाठी ४ टक्के समांतर आरक्षण आहे. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर गुणवत्तेने पात्र ठरणारी मागासवर्गीय महिला निवडली जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात स्पष्ट केले.

एकक कोणते धरायचे?

टक्केवारीला हात न लावता आरक्षण कसे नाहीसे करता येते, हे पाहायचे असेल तर विद्यापीठांतील प्राध्यापक भरतीचा वाद अभ्यासावा. १५ टक्के आरक्षणात पहिली पूर्ण जागा सातव्या पदावर येते, ७.५ टक्क्यांत ती चौदाव्या पदावर आणि २७ टक्क्यांत चौथ्या पदावर येते. हे साधे गणित आहे. आता असे समजू की एखाद्या विद्यापीठात ३० विभाग आहेत आणि प्रत्येकात सहा पदे आहेत. एकूण १८० पदे. संपूर्ण विद्यापीठ एकक धरले तर अनुसूचित जातींना २७, जमातींना १३ आणि इतर मागासवर्गांना ४८ जागा मिळतात. प्रत्येक विभाग स्वतंत्र एकक धरला तर प्रत्येक विभागातील चौथे पद इतर मागासवर्गांना मिळून त्यांच्या ३० जागा होतात आणि सातवे किंवा चौदावे पद कोठेच नसल्याने अनुसूचित जाती व जमातींना, पहिली माणसे निवृत्त होऊन फेरा पुढे सरकेपर्यंत, एकही जागा मिळत नाही. टक्केवारी तीच आहे, फक्त मोजणीचे एकक बदलले.

ही केवळ कल्पना नव्हती. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक धरावे असा निर्णय दिला आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तशा सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयातही सरकारला यश आले नाही. देशभर विद्यार्थी व प्राध्यापक रस्त्यावर आले. अखेर मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी कायदा करून केंद्रीय विद्यापीठांत संपूर्ण संस्था हेच एकक पुन्हा ठरवण्यात आले. ‘तेरा बिंदू’ आणि ‘दोनशे बिंदू’ हे शब्द त्या आंदोलनात घोषणा झाले, कारण आंदोलकांना नोंदवही वाचता येत होती.

ऑगस्ट २०२४ मध्येही हेच सूत्र दिसले. केंद्रातील ४५ वरिष्ठ पदे थेट बाहेरून भरण्याची जाहिरात संघ लोकसेवा आयोगाने काढली. प्रत्येक पद स्वतंत्र एकल पद मानल्यामुळे त्यात आरक्षण नव्हते. एकाच पदाचे आरक्षण करता येत नाही, हा नियम आहेच; पण ४५ पदे एकत्र मोजायची की एकेक, हा निर्णय माणसांचा असतो. विरोध झाल्यावर ती जाहिरात काही दिवसांतच मागे घेण्यात आली.

पदोन्नतीतही मोजणीच निर्णायक ठरली. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी पदोन्नतीतील आरक्षणाला आधार दिला. २००६ च्या नागराज खटल्यात न्यायालयाने अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती आकडेवारी संवर्गनिहाय हवी, असे सांगितले. महाराष्ट्रात २००४ चा पदोन्नती आरक्षणाचा शासन निर्णय उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. न्यायालयात आकडे लागतात आणि आकडे नोंदवहीतून येतात.

कार्यक्षमतेचा आक्षेप

आरक्षणामुळे कार्यक्षमता घटते, हा जुना आक्षेप आहे. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाईसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांच्या प्रमाणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. उलट वरिष्ठ पदांवरील त्यांच्या प्रमाणाचा काही बाबतींत अनुकूल संबंध दिसला. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०१९ मध्ये कर्नाटकातील पवित्रा खटल्यात प्रशासनाची कार्यक्षमता सर्वसमावेशकतेच्या अर्थाने पाहिली पाहिजे, असे म्हटले.

मात्र केवळ एकूण संख्येवर समाधान मानता येणार नाही. सफाईच्या कामावर कोणत्या जातींची माणसे आहेत, हे कोणत्याही नगरपालिकेत पहाटे दिसते. तेथे आरक्षणाची गरज कधी पडली नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते आणि घराला आधार होतो, हे खरे. पण पुढची पिढीही त्याच झाडूला बांधली जाण्याचा धोका त्यात आहे. म्हणून वरच्या श्रेणीत किती आणि खालच्या श्रेणीत किती, ही वेगवेगळी मोजणी करावी लागते.

नोंदवहीबाहेरच्या नोकऱ्या

आजचे सर्वांत मोठे संकट नोंदवहीच्या बाहेर आहे. पद मंजूर असेल, तरच त्याला बिंदू असतो. तेच काम बाह्यस्रोत संस्थेकडे दिले की कामगार शासनाचा राहत नाही आणि बिंदूही उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. तरुणांच्या तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. परंतु सुरक्षा रक्षक, संगणक चालक, शिपाई, परिचर अशी कामे कंत्राटाने देण्याची पद्धत त्यामुळे थांबलेली नाही. सार्वजनिक उपक्रम खासगी झाला की तेथील नव्या भरतीतील आरक्षणही संपते. कायदा रद्द करावा लागत नाही. तो लागू होईल अशी पदेच कमी होत जातात.

आपले कर्तव्य

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज वेगवेगळ्या कार्यालयांत काम करीत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या संवर्गाची बिंदुनामावली एकदा वाचावी. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणत्या प्रवर्गाचा अनुशेष किती, खुल्या जागेवर गुणवत्तेने आलेल्या मागासवर्गीयाची नोंद कोणत्या रकान्यात केली आहे, नोंदवही शेवटची कधी तपासली गेली, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ही माहिती कोणत्याही नागरिकाला मागता येते. हेतुपुरस्सर आरक्षण डावलणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूद राज्याच्या अधिनियमात आहे. पण तक्रार करणाऱ्याच्या हातात आकडे नसतील, तर ती तरतूद झोपून राहते.

पालकांनी मुलांची जात प्रमाणपत्रे व पडताळणी वेळेवर करून घ्यावी. निवड होऊनही कागदाअभावी संधी जाऊ नये. कार्यालयात स्थिरावलेल्यांनी आपल्याच कार्यालयातील कंत्राटी सफाई कामगाराकडे, दिव्यांग सहकाऱ्याकडे, भटक्या-विमुक्त जमातींतून आलेल्या पहिल्या पिढीतील लिपिकाकडे परकेपणाने पाहू नये. ज्याला प्रतिनिधित्व मिळाले, तो फक्त स्वतःच्या घराचा प्रतिनिधी नसतो. जाहिरात निघण्यापूर्वी बिंदू तपासले जातात. आक्षेप घेण्याची योग्य वेळही तीच असते.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा मंत्र आपण प्रार्थनेच्या वेळी म्हणतो. त्यातील ‘शिका’ या शब्दात सरकारी कागद वाचायला शिकणेही येते. शाहू महाराजांनी तिमाही तक्ता मागितला. बाबासाहेबांनी ‘प्रयत्न’ या मोघम शब्दाच्या जागी निश्चित आकडा आणला. त्यांनी सुरू केलेली मोजणी चालू ठेवणे आता आपल्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!